छायाचित्राची दुसरी प्रत : काचेच्या निगेटिव्हपासून फोनला जोडलेल्या हार्ड डिस्कपर्यंत

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा भिंगे, रसायने आणि कॅमेरे यांच्या प्रगतीच्या क्रमाने सांगितला जातो, आणि त्यात छायाचित्र काढण्याच्या क्षणाला जे महत्त्व मिळते ते काढलेले छायाचित्र पुढे कोणी, कोठे आणि कोणत्या साधनाने जपले या प्रश्नाला मिळत नाही. वस्तुतः छायाचित्र दीर्घकाळ टिकायचे असेल तर त्याची किमान एक प्रत मूळ प्रतीपासून दूर असावी लागते. ही गरज छायाचित्रणाच्या आरंभापासून आजतागायत बदललेली नाही. बदलत गेले ते ही दुसरी प्रत काढण्याचे सामर्थ्य. कधी ते व्यावसायिक स्टुडिओकडे होते, कधी घरातल्या कपाटात आले, कधी संगणक बाळगणाऱ्यांपुरते मर्यादित राहिले, तर कधी दूरदेशीच्या कंपन्यांकडे गेले. क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर इंटरनेटद्वारे साठवलेली छायाचित्रे, घरात संगणक नसताना, केवळ फोनच्या आधारे स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याची आजची खटपट हा याच स्थित्यंतराचा ताजा टप्पा आहे. ही खटपट आज शक्य का झाली आणि शक्य होऊनही अवघड का राहिली, हे समजण्यासाठी तिची पूर्वपीठिका पाहावी लागते.

काच स्टुडिओत, कागद घरात

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या लुई दागेर यांच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट प्रतिमा उमटत असे, आणि तिच्यापासून तशाच दुसऱ्या प्रतिमा काढण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक चित्र एकुलते एक असे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी इंग्लंडमध्ये १८४१ साली पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीने ही मर्यादा मोडली. या पद्धतीत आधी कागदावर निगेटिव्ह, म्हणजे उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड दाखवणारी प्रतिमा तयार होई आणि तिच्यापासून हव्या तितक्या प्रती काढता येत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये काचेवर निगेटिव्ह घेण्याची रीत प्रसिद्ध केल्यावर या प्रती अधिक स्पष्ट निघू लागल्या, आणि पुढील काही दशके व्यावसायिक छायाचित्रण काचेवरच चालले.

मुंबईत ही कला फार लवकर पोहोचली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या काळातील नामवंत भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. १८९६ मध्ये लाला दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ काढला तोवर शहरातील प्रतिष्ठित कुटुंबांत तसबीर काढून घेण्याची प्रथा चांगलीच रुजली होती. या प्रथेत ताब्याची एक स्पष्ट विभागणी होती : ग्राहक पुठ्ठ्यावर चिकटवलेली कागदी प्रत घरी नेई, तर जड आणि नाजूक काच क्रमांक घालून स्टुडिओतच ठेवली जाई. घरातली प्रत वाळवीने खाल्ली किंवा नातलगांत वाटली गेली, तर त्या क्रमांकावरून नवी प्रत काढून घेता येई. म्हणजे दुसरी प्रत राखण्याची जबाबदारी ग्राहकाने न सांगताच व्यावसायिकाने पत्करलेली असे.

या व्यवस्थेची सुरक्षितता स्टुडिओच्या आयुष्यापुरतीच होती. कोलकात्यातील बोर्न अँड शेफर्ड या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या पेढीच्या संग्रहाचा मोठा भाग १९९१ च्या आगीत नष्ट झाला आणि २०१६ मध्ये ती पेढीही बंद पडली. चलच्चित्रांच्या बाबतीत असाच धडा पुण्यात मिळाला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील, अत्यंत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरची हजारो रिळे जानेवारी २००३ च्या आगीत जळाली. जपणूक तज्ज्ञांच्या हाती असली तरी एकाच छताखालची प्रत ही एकटीच प्रत असते, हे या घटनांनी दाखवून दिले.

दरम्यान निगेटिव्ह स्टुडिओतून घरात आली होती. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये विक्रीस आणलेल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे, चित्रे संपल्यावर ग्राहक अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवी, आणि तेथून कागदी प्रतींबरोबर निगेटिव्हही परत येत. विसाव्या शतकात ३५ मिलिमीटर फिल्म सर्वत्र पसरल्यावर रोल धुवायला टाकणे आणि पाकिटातून प्रतींसोबत निगेटिव्हच्या पट्ट्या घरी आणणे हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांचाही परिपाठ झाला. ग्राहक प्रथमच मूळ आणि प्रत या दोहोंचा धनी झाला. मात्र दोन्ही गोष्टी एकाच कपाटात राहू लागल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस होऊन मुंबईत तळमजल्यांवरच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा एकाच कपाटात ठेवलेले अल्बम आणि त्यांच्या निगेटिव्ह यांच्या वाट्याला वेगवेगळे नशीब येण्याचे कारण नव्हते.

संगणकाची अपरिहार्य मध्यस्थी

कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा सुमारे ०.०१ मेगापिक्सेलचे कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवी आणि एका चित्राला २३ सेकंद घेई. हा प्रयोग व्यवहारात उतरायला दोन दशके लागली. १९९४ मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि १९९९ मध्ये एसडी ही मेमरी कार्डे, म्हणजे वीज नसतानाही माहिती धरून ठेवणाऱ्या चिपची छोटी पाती आली आणि फिल्मची जागा घेऊ लागली. या बदलाचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. फिल्म एकदाच वापरायची वस्तू असल्याने तीच आपोआप मूळ प्रत म्हणून उरत असे. कार्ड महाग आणि लहान असल्याने ते रिकामे करून पुन्हा वापरावे लागे. ज्या वस्तूवर चित्र उमटले ती पुसणे हाच छायाचित्रणाचा नित्याचा भाग झाला, आणि पुसण्यापूर्वी चित्र दुसरीकडे उतरवणे ही सक्तीची पायरी ठरली.

चित्र उतरवण्याची ही जागा म्हणजे संगणक. जपानमधील उद्योगसंघटनांनी १९९५ मध्ये एक्झिफ आणि १९९८ मध्ये डीसीएफ ही मानके ठरवली. पहिल्या मानकामुळे चित्र काढल्याची तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे तपशील चित्राच्या फाइलमध्येच नोंदले जाऊ लागले, आणि दुसऱ्यामुळे कार्डावरील चित्रे डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्येच असतील हे निश्चित झाले. आजही फोनच्या साठ्यात हेच फोल्डर आढळते. कार्डाचा आणि संगणकाचा मेळ यामुळे उत्तम बसला, पण संगणक नसेल तर काय करायचे याचे उत्तर या मानकांत नव्हते.

त्याचे मूळ कारण जोडणीच्या रचनेत होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले यूएसबी हे मानक इंटेलसह अनेक कंपन्यांनी मिळून घडवले, आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकी शिकून पुढे अमेरिकेत गेलेले अजय भट्ट यांचा त्यात प्रमुख वाटा होता. उपकरणे स्वस्त राहावीत म्हणून या मानकाने सगळी गुंतागुंत तारेच्या एकाच टोकाकडे सोपवली. त्या टोकाला होस्ट म्हणतात. तो वीज पुरवतो, कोण जोडले गेले याची चौकशी करतो आणि देवघेव सुरू करतो, तर दुसऱ्या टोकाचे उपकरण, वर्गात मास्तरांनी विचारल्याशिवाय विद्यार्थ्याने बोलू नये तसे, होस्टने विचारल्याखेरीज काहीही पाठवत नाही. कॅमेरा, प्रिंटर आणि हार्ड डिस्क ही तिन्ही उपकरणांच्या बाजूची असल्याने ती परस्परांना जोडून उपयोग नसे. मध्ये होस्ट हवा, आणि होस्ट म्हणजे संगणक. संगणकावाचून दुसरी प्रत न निघणे ही अशा प्रकारे एका काटकसरी रचनेची परिणती होती.

ही अडचण प्रथम जाणवली ती दूरच्या प्रवासाला जाणाऱ्या छायाचित्रकारांना. त्यांच्यासाठी कार्डाची खाच आणि हार्ड डिस्क एकाच डबीत बसवलेली यंत्रे निघाली. एप्सनच्या २००४ मधील पी-२००० या यंत्रात ४० जीबीची डिस्क आणि चित्रे पाहण्यासाठी ३.८ इंची पडदा होता. आयपॉड या संगीतयंत्रातही लहानशी डिस्क असल्याने २००३ मध्ये बेल्किनने त्याला जोडायचा कार्डवाचक काढला आणि २००५ मध्ये खुद्द ॲपलने कॅमेरा थेट जोडण्याचे साधन विकायला आणले. ही सर्व साधने म्हणजे कळफलक नसलेले छोटे संगणकच होते आणि त्यांच्या किमती हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. सर्वसामान्य ग्राहकासाठी उद्योगाने २००३ मध्ये पिक्टब्रिज हे मानक आणले, ज्यामुळे कॅमेरा थेट प्रिंटरला जोडून कागदी प्रत काढता येई; फाइलची प्रत मात्र तशी काढता येत नसे. भारतात या काळात कार्ड घेऊन स्टुडिओत किंवा सायबर कॅफेत जायचे आणि तेथून सीडी राइट करून आणायची, अशी रीत पडली. दुसरी प्रत काढण्याचे काम अशा तऱ्हेने पुन्हा एकदा दुकानदाराच्या हाती गेले.

यूएसबीच्या रचनेत पहिली फट पडली ती डिसेंबर २००१ मध्ये, ऑन-द-गो (ओटीजी) या पुरवणी मानकाने. छोट्या खाचेत पाचवी पिन घालण्यात आली आणि ती तारेतच जमिनीला जोडलेली असेल तर उपकरणाने स्वतः होस्टची भूमिका घ्यावी, असे ठरले. ही सोय कागदावर आल्यानंतर ती सामान्यांच्या हाती यायला एक तप लागले. २०११ मधील अँड्रॉइड ३.१ मध्ये होस्ट होण्याची क्षमता आली, त्यानंतरच्या काही वर्षांत बहुसंख्य फोन ती बाळगू लागले, आणि ओटीजी केबल हे नाव भारतातील मोबाइलच्या दुकानांत चार्जरइतकेच परिचित झाले. पेनड्राइव्हवरचा चित्रपट फोनवर पाहण्यासाठी घेतलेली ही तार उलट दिशेने, फोनमधील चित्रे पेनड्राइव्हवर उतरवण्यासाठीही वापरता येत होती.

मूळ प्रत ढगात गेल्यावर

परंतु फोन स्वतः प्रत काढण्यास समर्थ होईपर्यंत छायाचित्रांचा मुक्काम हलला होता. फ्लिकर ही सेवा फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा चित्रे इंटरनेटवर ठेवण्याचा हेतू मुख्यतः ती दाखवण्याचा होता. ॲपलची आयक्लाउड सेवा ऑक्टोबर २०११ मध्ये आणि गूगल फोटोज मे २०१५ मध्ये आली तेव्हा हेतू बदलून साठवणुकीचा झाला. गूगलने १६ मेगापिक्सेलपर्यंतची, किंचित दाबून लहान केलेली चित्रे अमर्याद आणि विनामूल्य ठेवण्याची मुभा दिली. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा अतिशय स्वस्त झाला, तेव्हा ज्यांनी कधी संगणक हाताळला नव्हता अशा असंख्य लोकांची छायाचित्रे त्यांनी काही विशेष न करताच क्लाउडवर चढू लागली.

या सेवांबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे, आणि तो दूर केल्याशिवाय पुढचे विवेचन कळणार नाही. प्रत राखणे आणि मेळ राखणे या दोन क्रिया भिन्न आहेत. मेळ राखणारी सेवा सर्व उपकरणांवर एकच संग्रह दाखवते, त्यामुळे फोनवर चित्र पुसले की ते सेवेतूनही पुसले जाते. आयक्लाउडमध्ये ते ३० दिवस आणि गूगल फोटोजमध्ये, क्लाउडवर चढलेले असल्यास, ६० दिवस कचरापेटीत राहते, इतकीच सवलत मिळते. याउलट दुसरी प्रत ही पहिल्या प्रतीचे काहीही झाले तरी अबाधित राहावी लागते. शिवाय फोनमधील जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर फोनमध्ये चित्राची केवळ लहान आवृत्ती उरते आणि पूर्ण आकाराचे मूळ चित्र कंपनीच्या यंत्रांवर असते. गॅलरीत दिसणारे चित्र फोनमध्ये असतेच असे नाही, ही स्थिती छायाचित्रणाच्या इतिहासात पूर्वी कधीच नव्हती. निगेटिव्ह पुन्हा स्टुडिओत गेली होती. फरक एवढाच, की हा स्टुडिओ कोणत्या देशात आहे हेही ग्राहकाला ठाऊक नव्हते.

स्टुडिओप्रमाणेच या सेवांनाही आयुर्मर्यादा आहे. याहू फोटोज २००७ मध्ये बंद झाली. कोडॅकची इंटरनेटवरील गॅलरी कंपनीच्या दिवाळखोरीनंतर २०१२ मध्ये मिटली. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वीचे साहित्य नाहीसे झाले आहे. आणि त्याच वर्षी फ्लिकरने विनामूल्य खात्यांवर एक हजार चित्रांची मर्यादा लागू केली. भारतीयांना सर्वांत जवळचे उदाहरण ऑर्कुटचे आहे. २००४ मध्ये सुरू झालेली आणि महाविद्यालयीन पिढीने डोक्यावर घेतलेली ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. तिच्यातील चित्रे उतरवून घेण्यासाठी सप्टेंबर २०१६ पर्यंतची मुदत देण्यात आली होती, पण ज्यांनी आपले खाते सायबर कॅफेत उघडले आणि तेथेच वापरले त्यांच्याकडे चित्रे उतरवून ठेवायला स्वतःची जागाच नव्हती.

गूगल फोटोजची अमर्याद मुभा १ जून २०२१ पासून संपली आणि त्यानंतरची चित्रे ईमेल व अन्य फायलींसह १५ जीबीच्या सामायिक मर्यादेत धरली जाऊ लागली. आयक्लाउडची विनामूल्य मर्यादा तर पहिल्यापासून ५ जीबीच राहिली. २०२३ मध्ये गूगलने दोन वर्षे न वापरलेली खाती त्यातील चित्रांसह काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. दरमहा भाडे भरा, जुनी चित्रे पुसा किंवा ती आपल्या जागी उतरवून घ्या, असे तीनच पर्याय सामान्य माणसापुढे उरले, आणि तिसरा पर्याय पत्करणाऱ्याला प्रथमच कळले की चित्रे वर चढवण्याची वाट जितकी सोपी होती तितकी ती खाली उतरवण्याची नाही.

उतरण्याची वाट

ही वाट मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही. गूगलच्या शिकागो येथील काही अभियंत्यांनी २००७ मध्ये डेटा लिबरेशन फ्रंट या नावाने एक गट बांधला, आणि वापरकर्त्याला आपली माहिती सेवेतून बाहेर नेता आली पाहिजे, हे त्याचे धोरण होते. या गटाच्या कामातून जून २०११ मध्ये टेकआउट ही सोय निघाली. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीने मे २०१८ पासून आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मिळवण्याचा हक्क कायदेशीर केला, त्याच वर्षी ॲपलनेही माहितीची प्रत मागण्याची सोय दिली, आणि २०२१ पासून आयक्लाउडमधील चित्रे थेट गूगल फोटोजमध्ये पाठवता येऊ लागली. भारतात २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात तो राहिला नाही.

टेकआउटची घडण पाहिली तर ती संगणक डोळ्यांपुढे ठेवून केली आहे हे लगेच ध्यानात येते. संपूर्ण संग्रहाच्या झिप फायली, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेली गाठोडी तयार होतात. प्रत्येकाचा आकार ५० जीबीपर्यंत निवडता येतो, आणि ती उतरवून घेण्याचा दुवा साधारण आठवडाभर चालू राहतो. कॅमेऱ्याने नोंदवलेली एक्झिफ तारीख चित्रातच असते, परंतु वापरकर्त्याने सेवेत नंतर दुरुस्त केलेली तारीख किंवा लिहिलेली ओळ जेसन नावाच्या वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये येते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रांतून एक्झिफ नोंदी आधीच गळलेल्या असल्याने अशी चित्रे उतरवल्यावर त्यांचा कालक्रम सहज विस्कटतो. संगणकावर या गोष्टी निस्तरण्याची साधने आहेत. फोनवर मात्र आधी गाठोडे फोनच्या साठ्यात उतरवावे लागते, ते सोडवण्यासाठी जवळजवळ तेवढीच जागा पुन्हा लागते, आणि मुळात फोन भरला म्हणूनच चित्रे क्लाउडवर गेलेली असतात. म्हणून फोनवरून हे काम करणाऱ्याने गाठोड्याचा लहानात लहान आकार निवडणे, किंवा सेवेतूनच महिन्या-महिन्याची मूळ चित्रे थोडी थोडी उतरवून ती लगेच डिस्कवर हलवणे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

तारेच्या टोकाशी मात्र परिस्थिती झपाट्याने सुधारली. ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी-सी या चोवीस पिनांच्या जोडणीचे मानक प्रसिद्ध झाले, ज्यात होस्ट कोण हे दोन्ही उपकरणे आपसात ठरवतात आणि खास ओटीजी तारेची गरज उरत नाही. ॲपलने सप्टेंबर २०१९ मध्ये आयफोनच्या फाइल्स ॲपमधून बाहेरची डिस्क वाचण्याची व तिच्यावर लिहिण्याची मुभा दिली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ वर यूएसबी-सी आले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना हीच जोडणी बंधनकारक केल्यामुळे एकच तार आणि एकच डिस्क बहुतेक सर्व फोनना चालेल अशी स्थिती आली. २००४ मध्ये एप्सनची महागडी डबी जे काम करी ते आता कोणताही साधा फोन करू शकतो.

तरीही दोन जुन्या अडचणी उरल्या आहेत. पहिली विजेची आहे. यूएसबी २ मध्ये होस्टने ५०० आणि यूएसबी ३ मध्ये ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा असा संकेत असला तरी फोन पुष्कळदा त्याहून कमी देतात, तर फिरत्या तबकडीच्या अडीच इंची डिस्कला फिरू लागताना याहून अधिक लागू शकतो. अशी डिस्क फोनला जोडली की ती दिसत नाही किंवा तिचा संपर्क मध्येच तुटतो, आणि दोष डिस्कचा नसून पुरवठ्याचा असतो. भिंतीतून वीज घेणारा यूएसबी हब मध्ये लावणे किंवा फिरता भाग नसलेली एसएसडी डिस्क वापरणे हा यावरचा उपाय आहे. दुसरी अडचण डिस्कच्या आखणीची, म्हणजे फायली कोठे आहेत याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीची आहे. १९९६ पासूनच्या फॅट-३२ या आखणीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे मोठी चलच्चित्रे आणि गाठोडी अडतात. विंडोजच्या एनटीएफएस आखणीवर अनेक फोन लिहू शकत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली आणि २०१९ मध्ये जिचे तपशील सर्वांस खुले केले ती एक्सफॅट आखणी आयफोनला आणि बहुतांश नव्या अँड्रॉइड फोनना चालते, म्हणून संगणकावाचून काम करणाऱ्याने डिस्क घेतानाच ती एक्सफॅटवर आखून घ्यावी.

फोनपासून सुरुवात केलेला समाज

या साऱ्या इतिहासात संगणकावाचून हा शब्दप्रयोग नेहमी अपवाद सुचवण्यासाठी आला, कारण मानके ठरवणाऱ्यांच्या देशांत घरोघरी आधी संगणक आणि नंतर स्मार्टफोन पोहोचला. भारतात क्रम उलटा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील सुमारे ११ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास, तर ग्रामीण भागात ४ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे दहापैकी जवळजवळ नऊ कुटुंबांच्या लेखी संगणक असणे हाच अपवाद होता. गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा आणि जुन्या फोनमधील डेटा नव्यात टाकून देण्याचा जो व्यवसाय चालला तो याच स्थितीतून उभा राहिला, आणि त्यात घरगुती छायाचित्रे परक्याच्या संगणकातून जातात ही जोखीम ग्राहकांनी निरुपायाने पत्करली.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम अजूनही सर्वमान्य आहे : प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. क्लाउडवरील प्रत घराबाहेरची अट पूर्ण करते, म्हणून तिला टाकून देण्याचे कारण नाही. एकट्या तिच्यावर विसंबण्याचे मात्र कारण कधीच नव्हते. घरातील डिस्कही अमर नाही. फिरत्या डिस्कचे यांत्रिक भाग झिजतात, तर एसएसडी वा पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिल्यास त्यातील नोंदी क्षीण होऊ शकतात. म्हणून वर्षातून एकदा डिस्क जोडून पाहावी, काही चित्रे उघडून तपासावीत, डिस्क सुरक्षितपणे वेगळी करूनच तार काढावी, आणि दोन जागी प्रती झाल्याची खात्री पटण्यापूर्वी क्लाउडवरील काहीही पुसू नये.

काचेच्या काळात दुसरी प्रत स्टुडिओवाल्याच्या नेकीवर अवलंबून होती, आजच्या काळात ती कंपनीच्या धोरणावर अवलंबून आहे, आणि दोन्ही वेळा तिचे आयुष्य ग्राहकाच्या हाती नव्हते. फोन होस्ट झाल्यामुळे संगणक नसलेल्या कुटुंबालाही हे आयुष्य आपल्या हाती घेता येते, ही गेल्या दहा-बारा वर्षांतली खरी कमाई आहे. आता सेवा पुरवणाऱ्यांनी फोनमधून थेट डिस्कवर संपूर्ण संग्रह, तारखा आणि नोंदींसह, एका आज्ञेत उतरवून द्यावा, आणि कायद्याने २०१९ च्या विधेयकातला वगळलेला हक्क पुन्हा विचारात घ्यावा. तोपर्यंत प्रत्येक घराने निदान वर्षातला एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा.